शेवटचे शंभर फूट: लघुउद्योग आणि वंचित वस्त्यांसाठी शहराचे ब्रॉडबँड धोरण कसे आखावे

शहराच्या नकाशावर मुख्य रस्त्याच्या कडेने फायबरची, म्हणजे इंटरनेट वाहून नेणाऱ्या काचेच्या धाग्याच्या केबलची, रेघ सलग गेलेली दिसते, आणि त्याच रस्त्याला लागून असलेल्या गल्लीतला शिवणकामाचा गाळा मात्र मोबाइलच्या डेटावर दिवस काढत असतो. रेघ आणि गाळा यांच्यातले अंतर बहुधा शंभर फुटांच्या आसपास असते. त्या शंभर फुटांत इमारतमालकाची न मिळालेली परवानगी असते, जिन्यातून केबल नेण्यासाठी न ठेवलेली जागा असते, रस्ता खोदण्याचे शुल्क असते, जागेचे कागद नसलेली घरे असतात आणि ‘येथे ग्राहक मिळणार नाहीत’ असा कंपनीने आधीच मांडून ठेवलेला हिशेब असतो. शहराने आपले ब्रॉडबँड धोरण या शंभर फुटांपासून उलट दिशेने, म्हणजे ग्राहकाच्या दारापासून मुख्य वाहिनीकडे लिहीत जावे, असे माझे ठाम मत आहे. नगर प्रशासनातले अधिकारी, लोकप्रतिनिधी, व्यापारी संघटना आणि वस्तीपातळीवर काम करणारे कार्यकर्ते यांना हे धोरण प्रत्यक्ष लिहून काढता यावे, या हेतूने पुढील कामे ज्या क्रमाने करावी लागतात त्याच क्रमाने मांडली आहेत.

पहिले काम: पत्ता धरून मोजणी

धोरणाची सुरुवात कंपन्यांनी दिलेल्या नकाशावरून करू नये. अमेरिकेत कित्येक वर्षे दूरसंचार आयोगाची मोजणी जनगणनेच्या गटावर आधारलेली होती, आणि एखाद्या गटातल्या एका जरी ठिकाणी सेवा पोहोचत असेल तरी तो सगळा गट सेवा मिळालेला म्हणून नोंदला जाई. त्यामुळे कागदावर जोडलेली आणि प्रत्यक्षात तुटलेली असंख्य घरे अनुदानाच्या यादीबाहेर राहिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये एकेका इमारतीची स्वतंत्र नोंद असलेला नवा राष्ट्रीय नकाशा प्रसिद्ध झाला आणि त्यावर हरकत घेण्याची सोय ठेवली गेली, तेव्हा कुठे ही चूक दुरुस्त होऊ लागली. शहराने ही चूक मुळातच करू नये.

मोजणीसाठी प्रत्येक प्रभागातली घरे, दुकाने, गाळे आणि कार्यशाळा यांची पत्त्यानुसार यादी करावी. व्यवसाय परवान्यांची यादी पुरेशी ठरत नाही, कारण घरातूनच चालणारी शिलाई, दुरुस्ती, शिकवणी, डबे पुरवणे अशी कामे तिच्यात नसतात, आणि वंचित वस्त्यांतले बहुतेक उद्योग नेमके याच प्रकारचे असतात. प्रत्येक ठिकाणी जाऊन काही नेमके प्रश्न विचारावेत: जोडणी आहे का, असल्यास कोणत्या माध्यमातून आहे, दरमहा किती पैसे जातात, मागच्या महिन्यात ती किती वेळा बंद पडली, आणि जोडणी मागितल्यावर कोणी नकार दिला का. नकाराची तारीख आणि सांगितलेले कारण मात्र अवश्य लिहून घ्यावे. पुढे कंपनी जेव्हा ‘त्या भागातून मागणीच नाही’ असे सांगते, तेव्हा हीच नोंद शहराच्या बाजूने उभी राहते.

वेगाची चाचणी राउटरच्या शेजारी उभे राहून घेऊ नये. जिथे काम चालते त्या मेजावर घ्यावी, आणि एकदा दुपारी व एकदा रात्री आठच्या सुमारास घ्यावी, कारण सगळ्यांचा वापर वाढतो तेव्हाच वाहिनीची खरी ताकद कळते. चाचणी घेण्याचे काम वस्तीतल्याच तरुणांना मानधन देऊन सोपवावे. परक्या माणसाला दार उघडले जाते, पण बिलाचा कागद दाखवला जात नाही. मोजणी पूर्ण झाल्यावर व्यक्तीची ओळख उघड होणार नाही अशा बेताने नकाशा प्रसिद्ध करावा आणि हरकती नोंदवण्यासाठी निश्चित मुदत ठेवावी.

‘पुरेसे’ म्हणजे किती, हे धोरणातच लिहावे

अमेरिकेत २०१५ साली ब्रॉडबँडची व्याख्या २५ एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) डाउनलोड व ३ एमबीपीएस अपलोड अशी होती. २०२४ मध्ये ती १०० आणि २० करण्यात आली. नऊ वर्षांत डाउनलोड चौपट झाले आणि अपलोड जवळजवळ सातपट झाले, हा तपशील शहरांनी नीट वाचावा, कारण लघुउद्योगाची अडचण बहुतेक वेळा अपलोडमध्येच असते. एखाद्या छपाईच्या दुकानाला एक जीबीची फाइल छापखान्याकडे पाठवायची असेल, तर २ एमबीपीएस अपलोडवर तिला एक तासाहून अधिक वेळ लागतो आणि ५० एमबीपीएसवर तीन मिनिटेही लागत नाहीत. तो तास दुकानदाराच्या कमाईतून जातो, आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेला वेग मात्र डाउनलोडचाच असतो.

अखंडतेचेही तसेच आहे. ‘९९ टक्के वेळ सेवा सुरू’ हे वाक्य ऐकायला भक्कम वाटते, पण त्याचा अर्थ वर्षाला सुमारे ८८ तास सेवा बंद राहिली तरी चालेल असा होतो. ९९.९ टक्क्यांत हेच प्रमाण पावणेनऊ तासांवर येते. ज्या दुकानाचे सगळे पैसे कार्डाने किंवा फोनने येतात, त्याच्यासाठी हा फरक जगण्याचा आहे. म्हणून धोरणात किमान डाउनलोड व अपलोड वेग, वर्षाकाठी चालेल एवढा कमाल खंड, आणि तक्रार नोंदवल्यापासून दुरुस्ती होईपर्यंतचे कमाल तास, असे आकडे असावेत. वेग गर्दीच्या वेळी मोजला जाईल असेही त्यातच नमूद करावे. फायबर वाटून देण्याच्या, सर्वाधिक प्रचलित असलेल्या जीपॉन तंत्रात सुमारे २.५ जीबीपीएसची (गिगाबिट प्रति सेकंद, म्हणजे हजार एमबीपीएस) एक वाहिनी अनेकदा ३२ ग्राहकांत वाटली जाते. सगळे एकाच वेळी पूर्ण ताकदीने वापरू लागले, तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ७८ एमबीपीएस येतात. सगळे एकाच क्षणी असा वापर सहसा करत नाहीत, त्यामुळे ही वाटणी गैर नाही, पण एका वाहिनीवर किती ग्राहक टाकले आहेत हे विचारण्याचा अधिकार शहराने करारात राखून ठेवावा.

शहराच्या मालकीचे काय काय आहे, ते जागेवर जाऊन तपासावे

शहराकडे दिव्यांचे खांब असतात, वाहतूक सिग्नलसाठी टाकलेल्या नळ्या असतात, पाणीपुरवठा केंद्रांना जोडणाऱ्या तारा असतात, शाळा, ग्रंथालये व दवाखान्यांची छपरे असतात. ही सारी मालमत्ता वेगवेगळ्या विभागांच्या नोंदवह्यांत विखुरलेली असते. ती एकाच संगणकीय नकाशावर आणावी, आणि नोंदीवर विश्वास ठेवण्याआधी चेंबरचे झाकण उघडून पाहावे. नोंदीत चार नळ्या असतात. झाकण उघडल्यावर दोन नळ्यांची तोंडे गाळाने बुजलेली दिसतात, तिसरीत कोणाची तरी बिननावाची, बंद पडलेली केबल पडून असते, आणि चौथीतून दोरी ओढायला घेतली की अर्ध्या वाटेवर ती अडकते, कारण मधल्या काळात वर रोड रोलर फिरलेला असतो. म्हणून प्रत्येक नळीतून तिच्या व्यासाला साजेसा ठोकळा दोरीने ओढून ती मोकळी असल्याची खात्री करावी आणि मगच तिला ‘उपलब्ध’ असा शेरा द्यावा. काम कंटाळवाणे आहे, पण निविदेच्या वेळी कंपन्या पहिला प्रश्न याच माहितीबद्दल विचारतात आणि तिच्यावरच दर ठरतो.

रस्ता उघडला की नळी टाकलीच पाहिजे

युरोपीय संघाच्या अंदाजानुसार वेगवान जाळे उभारण्याच्या खर्चात ८० टक्क्यांपर्यंत वाटा केवळ खोदकाम आणि बांधकाम यांचा असतो. काचेचा धागा त्या मानाने स्वस्त आहे. तेव्हा शहराच्या हातात असलेले सर्वांत मोठे साधन पैसा नसून खोदकामाची परवानगी आहे, आणि या प्रकरणावर धोरणकर्त्यांनी सर्वाधिक वेळ खर्च करावा असे मला वाटते.

कॅलिफोर्नियातल्या ब्रेंटवुड या लहान शहराने १९९९ मध्ये नियम केला की नवी वसाहत उभारणाऱ्या विकासकाने रस्त्यांबरोबर रिकाम्या नळ्याही टाकाव्यात आणि त्या शहराच्या ताब्यात द्याव्यात. पुढच्या काळात शहर वाढले तसे नळ्यांचे जाळेही आपोआप वाढत गेले. असा नियम लिहिताना काही तपशील सुटले तर तो निरुपयोगी होतो. पाणी, सांडपाणी, वीज किंवा गॅस यांपैकी कोणत्याही कारणाने ठरावीक लांबीपेक्षा जास्त रस्ता उघडायचा असेल, तर काम सुरू होण्यापूर्वी किती दिवस आधी सर्व सेवापुरवठादारांना सूचना द्यायची, हे त्यात असावे. नळ्यांची किमान संख्या आणि व्यास, चेंबरमधील अंतर, आत ओढून ठेवायची दोरी, पुढे जमिनीवरून शोध लागावा म्हणून नळीसोबत टाकायची धातूची तार, आणि खड्डा बुजवण्यापूर्वी घ्यायचे छायाचित्र व अक्षांश-रेखांश, या सर्वांचा उल्लेख हवा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मुख्य रस्त्यावरून प्रत्येक गल्लीच्या तोंडापर्यंत एक फाटा काढून ठेवण्याची अट हवी. हा फाटा नसला, तर दहा वर्षांनी गल्लीला जोडण्यासाठी तोच रस्ता पुन्हा फोडावा लागतो आणि तेवढ्या मोजक्या ग्राहकांसाठी तो कोणीही फोडत नाही.

परवानगीचे अर्ज एकाच खिडकीवर घ्यावेत आणि निर्णयाची मुदत बांधून द्यावी. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशात ती चार महिन्यांची होती, आणि लहान लांबीच्या कामांसाठी शहराने ती काही आठवड्यांवर आणणे अवघड नाही. शुल्क तपासणीचा आणि रस्ता पूर्ववत करण्याचा प्रत्यक्ष खर्च भागवणारे असावे. खोदकामाच्या शुल्कातून तिजोरी भरण्याचा मोह शहरांना होतो, पण त्या शुल्काचा बोजा शेवटी सर्वांत कमी ग्राहक असलेल्या गल्लीवर पडतो, कारण तिथेच एका जोडणीमागे खोदकामाची लांबी जास्त येते. मोजणीत ज्या भागांना सेवा नाही असे आढळले, तिथे परवानगी शुल्क माफ करावे आणि रस्ता पूर्ववत करण्याची हमी तेवढी घ्यावी.

खोली कमी ठेवून खर्च वाचवण्याचे प्रस्तावही येतील. अरुंद चर कापून केबल टाकण्याची पद्धत काही ठिकाणी उपयोगी पडते, पण खोलीशी तडजोड केली तर काय होते हे अमेरिकेतल्या लुइव्हिल शहराने पाहिले आहे. तिथे गूगल फायबरने सुमारे दोन इंच खोलीच्या चरांत केबल टाकली, ती रस्त्यावर उघडी पडू लागली, आणि २०१९ मध्ये कंपनी सेवा बंद करून निघून गेली. रस्ते दुरुस्त करण्यासाठी तिला शहराला सुमारे ३८ लाख डॉलर द्यावे लागले. डांबराचा थर खरवडून नवा घालण्याचे यंत्र किती खोल जाते ते रस्ते विभागाला विचारावे आणि केबल त्याच्या बरीच खाली राहील अशी किमान खोली नियमातच लिहून ठेवावी.

जिना, भाडेकरू आणि कागद नसलेली जागा

फायबर इमारतीच्या फाटकापर्यंत आला तरी काम संपत नाही. जुन्या व्यापारी इमारतीत चाळीस गाळे असतात, मालक दूर कुठेतरी राहतो, आणि एखाद्या भाडेकरूने जोडणी मागितली की जिन्याच्या भिंतीला छिद्र पाडण्यासाठी त्याला मालकाच्या सहीची वाट पाहावी लागते. सही मिळेपर्यंत कंपनीचा माणूस दोनदा येऊन परत गेलेला असतो आणि अर्ज रद्द झालेला असतो. यावर दोन उपाय आहेत. नव्या इमारतींना आणि मोठ्या दुरुस्तीला परवानगी देताना तळमजल्यापासून प्रत्येक गाळ्यापर्यंत रिकामी नळी असणे सक्तीचे करावे. २०१६ अखेरनंतर परवानगी मागणाऱ्या इमारतींना युरोपीय संघाने अशीच अट घातली होती. जुन्या इमारतींसाठी शहराने संमतिपत्राचा एकच नमुना तयार करावा, त्यात केबल कोणत्या मार्गाने जाईल, नुकसान कोण भरून देईल आणि पुढे काढायची झाल्यास कोण काढील हे लिहिलेले असावे, आणि ठरावीक दिवसांत लेखी व सकारण नकार आला नाही तर संमती आहे असे मानण्याची तरतूद, स्थानिक कायद्यात बसत असेल तर, करावी. एकाच कंपनीला आत येऊ देण्याच्या मोबदल्यात मालकाने तिच्या उत्पन्नात वाटा घेणे हा प्रकारही रोखावा लागतो. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०२२ मध्ये अशा एकाधिकाराच्या वाटणी करारांवर बंदी घातली.

कागद नसलेल्या वस्त्यांत प्रश्न अधिक नाजूक असतो. जोडणीसाठी मालकीहक्काचा पुरावा मागितला तर अर्धी वस्ती दारातच अडते. म्हणून वीजबिल, शाळेचा दाखला किंवा वस्ती समितीचे पत्र यांपैकी राहण्याचा कोणताही पुरावा पुरेसा मानावा, आणि इंटरनेटची जोडणी दिल्याने जागेवर हक्क निर्माण होत नाही व असलेला हक्क जातही नाही, असे स्पष्ट वाक्य धोरणात घालावे. या एका वाक्याने प्रशासनाचीही भीती जाते आणि रहिवाशांचीही. घरे पुन्हा बांधली जाण्याची शक्यता असेल तिथे खांबांवरून केबल नेणे आणि वस्तीच्या मध्यावर एक सामायिक पेटी ठेवून तिथून घराघरांत जोडणी देणे सोयीचे पडते. अशी जाळी लोक स्वतःही उभारतात: स्पेनमधल्या कॅटलोनियात २००४ साली सुरू झालेले ‘गिफी’ हे जाळे वापरणाऱ्यांनीच बांधले आणि सामायिक मालमत्ता म्हणून ते आजही चालवले जाते, आणि इंग्लंडच्या लँकाशायरमध्ये शेतकऱ्यांनी स्वतः चर खणून आपल्या गावांत फायबर नेला. शहराने अशा गटांना आपल्या नळ्या व छपरे नाममात्र दराने द्यावीत.

जाळे कोणाच्या मालकीचे असावे

स्टॉकहोम शहराने १९९४ मध्ये स्टोकाब ही स्वतःची कंपनी काढली. ती ग्राहकाला इंटरनेट विकत नाही. ती फक्त उपकरणे न जोडलेला, म्हणजे डार्क फायबर टाकते आणि सर्व कंपन्यांना समान अटींवर भाड्याने देते. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहराच्या वीज मंडळाने याहून पुढे जाऊन २०१० मध्ये आपल्या संपूर्ण क्षेत्रात एक जीबीपीएसची सेवा स्वतःच विकायला सुरुवात केली, आणि वीजजाळे सुधारण्यासाठी मिळालेल्या केंद्रीय अनुदानाचा त्यात मोठा हातभार होता. दुसऱ्या बाजूला अमेरिकेच्याच युटा राज्यातल्या प्रोव्हो शहराने कर्ज काढून उभारलेले जाळे २०१३ मध्ये एका डॉलरला विकले, आणि कर्ज फेडण्याचे काम नागरिकांकडेच राहिले. फिलाडेल्फियात २००५ नंतर शहरभर वायफाय देण्याची योजना आली. रस्त्यावरचे सिग्नल घरांच्या भिंतींतून नीट आत जात नव्हते, खर्च वाढत गेला, आणि २००८ मध्ये कंपनीने अंग काढून घेतले.

या उदाहरणांवरून माझा निष्कर्ष असा आहे. ज्या शहराकडे स्वतःचे वीज मंडळ आहे, ग्राहकसेवा आणि बिलाची यंत्रणा आधीच चालू आहे आणि रात्री दोन वाजता खांबावर चढणारी माणसे आहेत, त्याने ग्राहकाला थेट सेवा विकण्याचा विचार जरूर करावा. बाकीच्यांनी नळ्या आणि डार्क फायबर आपल्या मालकीचे ठेवावेत आणि सेवा देण्याचे काम एकाहून अधिक कंपन्यांवर सोपवावे.

दर परवडले पाहिजेत

संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने प्राथमिक सेवेचा दर दरडोई मासिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांखाली असावा असे लक्ष्य ठेवले आहे. हे प्रमाण सरासरीवर आधारलेले आहे, म्हणून शहराने ते आपल्या सर्वांत गरीब प्रभागाच्या उत्पन्नाला लावून पाहावे. तिथे बहुतेकदा वेगळेच चित्र दिसते.

अनुदान देताना त्याचा पैसा कायमचा कुठून येणार हे आधी ठरवावे. अमेरिकेत इंटरनेटच्या बिलात दरमहा ३० डॉलरपर्यंतची सवलत सुमारे २.३ कोटी कुटुंबांना मिळत होती. निधी संपला आणि १ जून २०२४ पासून ती थांबली. ज्यांनी त्या भरवशावर जोडणी घेतली, त्यांच्या हातात एकदम पूर्ण रकमेचे बिल पडले. त्यापेक्षा शहराच्या नळ्या वापरण्याच्या मोबदल्यात कंपनीकडून एक स्वस्त, निश्चित वेगाची योजना कराराच्या संपूर्ण मुदतीसाठी मागून घेणे अधिक टिकाऊ ठरते. त्या योजनेत अनामत रक्कम, पूर्वीच्या थकबाकीची चौकशी आणि वर्षभराची सक्ती नसावी, कारण रोजच्या कमाईवर चालणाऱ्या घराला मासिक दरापेक्षा सुरुवातीला भरावे लागणारे हेच पैसे जड जातात.

लघुउद्योगासाठी वेगळे कलम

चार माणसांच्या दुकानाला घरगुती योजना अनेकदा नियमाने घेता येत नाही आणि व्यावसायिक योजना मोठ्या कार्यालयाच्या गरजेनुसार आखलेली असते. म्हणून कर्मचारीसंख्येची मर्यादा ठरवून सूक्ष्म उद्योगांसाठी मधला वर्ग करारात लिहून घ्यावा: घरगुतीच्या जवळचा दर, समान अपलोड व डाउनलोड, आणि दुरुस्तीची बांधील मुदत. दर, शुल्क आणि नेहमीचा वेग दाखवणारे एकाच नमुन्याचे पत्रक प्रत्येक योजनेसोबत देण्याची सक्ती असावी. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांना ती एप्रिल २०२४ पासून लागू आहे. बाजारसंघटनेने एकत्र येऊन एक मुख्य वाहिनी व दुसऱ्या कंपनीची एक पर्यायी वाहिनी घेतली, तर दोन्हींचा खर्च वाटला जातो आणि एक तुटली तरी बाजार चालू राहतो. मात्र दोन्ही केबल एकाच चरातून येत नाहीत ना, हे अवश्य तपासावे. एकाच कुदळीने दोन्ही तुटणार असतील, तर पर्यायाला अर्थ नाही. फायबरची वाहिनी वाटेत विजेवर अवलंबून नसली तरी गाळ्यातली पेटी असते, त्यामुळे तिच्यासाठी छोटी बॅटरी संघटनेनेच सुचवावी.

जोडणीबरोबर साधनही लागते. ग्रंथालयात संगणक उसने देण्याची सोय, आणि हिशेब, ऑनलाइन निविदा व फसवणुकीपासून बचाव यांचे संध्याकाळचे वर्ग, दुकान बंद झाल्यावर येता येईल अशा वेळी ठेवावेत. शिकवणारा त्याच वस्तीची भाषा बोलणारा असावा.

करार, क्रम आणि फेरतपासणी

कंपनीला शहराच्या नळ्या देताना बांधणीचा क्रम शहराने ठरवावा. श्रीमंत प्रभाग आधी आणि ‘उरलेले नंतर’ असे वेळापत्रक मान्य केले, तर ते नंतर सहसा येत नाही. प्रत्येक टप्प्यात सेवा नसलेल्या पत्त्यांचा ठरावीक वाटा पूर्ण झाल्याशिवाय पुढच्या टप्प्याच्या नळ्या खुल्या करू नयेत, आणि ‘घरासमोरून केबल गेली’ हे पूर्ततेचे माप धरू नये. मागणी केल्यावर ठरल्या दिवसांत आणि ठरल्या दरात जोडणी मिळाली, हेच माप धरावे. खंड ठरल्यापेक्षा अधिक झाला तर भरपाई ग्राहकाच्या बिलातून आपोआप वजा व्हावी, त्यासाठी अर्ज करायला लागू नये. कंपनी बंद पडली किंवा विकली गेली, तर केबल आणि ग्राहकांच्या जोडण्यांचे काय होईल हेही आधीच लिहून ठेवावे.

दर सहा महिन्यांनी पहिल्या मोजणीची यादी पुन्हा उघडावी आणि ज्या पत्त्यांपुढे नकाराची तारीख लिहिली होती, त्या दारांवर त्याच तरुणांनी जाऊन रात्री आठ वाजता पुन्हा चाचणी घ्यावी. नकार ज्या पत्त्यांवर अजून कायम आहे, त्यांची यादी प्रभागनिहाय सभागृहात वाचली जावी आणि कंपनीचा पुढचा खोदकाम अर्ज त्या यादीसोबतच टेबलावर यावा.